चुकलं तर माझ्या माथी

त्या केसची आठवण निघाली की मला आधी पोलीस ठाण्यातलं भिंतीवरचं घड्याळ दिसतं. ते नेहमी पुढं पळायचं. सेल बदलला, खिळा बदलला, तरी पुढंच. ड्यूटी संपायची घाई असलेला कुणीतरी ते मुद्दाम पुढं करून ठेवतो असा माझा संशय होता. तो तपास मी काही पूर्णत्वास नेला नाही. पण एका पोरीचा जीव वाचवण्यात त्या नादुरुस्त घड्याळाचा हात होता, एवढं मी शपथेवर सांगायला तयार आहे.

तेव्हा मी परतूर भागात निरीक्षक होतो. कापसाचा हंगाम चालू होता. बाजारात गाड्यांची रांग लागलेली, काट्यावरून भांडणं, भांडणातून फुटलेली डोकी, आणि ती डोकी घेऊन आमच्याकडे येणारे दोन्हीकडचे लोक. अशा गर्दीत एक दिवस सकाळी पांढरा झब्बा घातलेला एक म्हातारा हातात बर्फाचा डबा घेऊन उभा होता. ठाणे अंमलदाराने त्याला दोनदा "आइस्क्रीमवाल्यांनी बाहेर थांबायचं" असं सांगितलं होतं, आणि तो बिचारा खरंच बाहेर थांबला होता.

ते गावातल्या जुन्या चर्चचे पाळक होते. सगळे त्यांना पाळकबाबा म्हणत. मी त्यांना आत घेतलं. त्यांनी डबा उघडला. बर्फात एक छोटी बाटली होती.

"साहेब, हे इन्शुलिन हाय. एका पोरीचं. तिच्या घरी फ्रीज न्हाई, म्हून आमच्या फ्रीजमधी, अंड्याच्या कप्प्यात ऱ्हातं. लहानपणापासून शुगर हाय तिला. सकाळ-संध्याकाळ येती, सुई घेती, कॉलेजला जाती. आता दोन दिस झाले, येईना झाली. घराला कुलूप हाय."

पोरगी अकरावीत होती. बाप रेल्वेत गँगमन. शेजाऱ्यांनी पाळकबाबांना सांगितलं होतं की सगळे लग्नाला गेले. "आता कुणाचं लग्न हाय साहेब?" पाळकबाबा म्हणाले. "आमच्या मंडळीतलं लग्न अन् मला ठावं न्हाई, असं होईल का?"

मी तालुक्याच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, या प्रकारच्या आजारात इन्शुलिन बंद झालं तर रुग्ण दोन-चार दिवसांत बेशुद्ध होतो, आणि नंतर आपल्या हातात काही उरत नाही. फोन ठेवला तेव्हा बाहेर काट्याच्या भांडणातले लोक मोठमोठ्यानं बोलत होते. मी त्यांना हाकलून दिलं.

पाळकबाबांनी पुढची हकिगत सांगितली, आणि सांगताना त्यांना अवघड जात होतं हे दिसत होतं. वर्षभरापूर्वी गावात एक नवे प्रचारक आले होते. त्यांना सगळे 'ब्रदर' म्हणत. वय पस्तिशीच्या आत, गळा गोड, सोबत कीबोर्ड, मोबाईलवर त्यांच्या सभांचे व्हिडिओ. प्रार्थना करताना त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं आणि समोरच्याच्याही यायचं. पाळकबाबांच्या चर्चमधली बरीच घरं तिकडे गेली होती. गँगमनचं घरही गेलं. गेल्या रविवारच्या सभेत पोरीने उभं राहून साक्ष दिली होती की प्रभूने मला बरं केलं, आता मला सुईची गरज नाही. टाळ्या झाल्या, गाणं झालं. येत्या रविवारी मोठी सभा होती. तिथं ती पुन्हा उभी राहणार होती.

साक्ष म्हणजे काय हे मला पाळकबाबांनी नीट समजावलं, कारण आमच्या खात्यातली साक्ष वेगळी. आम्ही झालेलं सांगायला लावतो. त्यांच्यातही तसंच असतं, पण ब्रदरच्या सभेत एक रीत पडली होती: आधी साक्ष द्यायची, मग विश्वासाने ते होतं. पोरीला बरं वाटत नव्हतं. तरी ती 'बरी झाले' म्हणाली. तिच्या हिशेबी ती खोटं बोलत नव्हती.

"मी आधी यायला पाह्यजे होतं," पाळकबाबा म्हणाले. "पण लोक म्हणतात, माणसं गेली म्हून म्हातारा जळून राह्यलाय. आता म्हणू द्या."

अडचण अशी की तक्रारदार कोण? अल्पवयीन मुलगी बेपत्ता असली की आम्ही अपहरणाचा गुन्हा नोंदवतो. पण इथं पोरगी आईबापांसोबत होती. आईबापांनी स्वतःच्या मुलीला घेऊन कुठं जावं, यावर पोलिसांचा काय अधिकार? मी ठाणे दैनंदिनीत नोंद केली, उपअधीक्षकांना कळवलं आणि शोध सुरू केला. गँगमनने रजा टाकली होती. ब्रदरच्या लोकांचा उपवास चालू होता, आणि उपवासात मोबाईल नको म्हणून घरातले सगळे फोन कुलूपबंद घरात वाजत होते. आमच्या सायबर शाखेला घराचं अचूक ठिकाण मिळालं, जे आम्हाला माहीतच होतं.

मग ब्रदरला बोलावून घेतलं.

चौकशीत माणूस कसा बसतो यावरून मी बराच अंदाज बांधत असे. खोटं बोलणारा विचारल्यापेक्षा जास्त सांगतो. ब्रदर विचारल्यापेक्षा कमी सांगत होते. इस्त्रीचा शर्ट, शांत आवाज, चहा नको, पाणी चालेल.

"तुम्ही तिला औषध बंद करायला सांगितलं?"

"नाही. मी कुणालाच असं सांगत नाही."

"मग घ्यायला सांगितलं?"

त्यांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. "ते मी कसं सांगणार? तो त्यांचा आणि देवाचा विषय आहे."

"ती सभेत म्हणाली, सुईची गरज नाही. तुम्ही माईक धरून शेजारी उभे होता. काय म्हणालात?"

"मी म्हटलं, देवाची स्तुती असो."

"ती कुठं आहे?"

"मला माहीत नाही. साहेब, तुम्ही वेगळ्या धर्माचे. विश्वासातल्या गोष्टी तुम्हाला समजायच्या नाहीत."

"नसतील समजत," मी म्हणालो. "शुगर समजते. माझ्या आईला होती."

मला तो माणूस आवडला नाही, हे उघडच सांगतो. पण न आवडणं हा पुरावा नसतो. मी त्याला सोडलं आणि दोन माणसं त्याच्या मागावर ठेवली. माझा हिशेब साधा होता: पुढारी जिथं जाईल तिथं पोरगी सापडेल. संध्याकाळपर्यंत माझी माणसं उपाशी बसली आणि ब्रदर घरी कीबोर्ड वाजवत बसले. पोरीच्या उशाशी जायचं त्यांच्या मनातही नव्हतं. पोलिसाने कुणाच्या मागे जायचं ते नीट पारखावं लागतं. मी नेहमीसारखा सगळ्यात मोठा आवाज असणाऱ्याच्या मागे गेलो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून सभेतल्या बायकांना एकेक करून जबाबासाठी बोलावलं. सगळ्यांची उत्तरं साच्यातून काढल्यासारखी. पोरगी बरी आहे. कुठं आहे ठाऊक नाही. ब्रदर देवमाणूस आहे. त्यांत शिवणकाम करणारी एक मावशी होती. पन्नाशीची, अंगाने बारीक, मांडीवर पिशवी. पिशवीत पवित्र शास्त्र आणि पाण्याची बाटली. आमच्या महिला हवालदार बाईंनी तिला जेवायचं विचारलं, तर म्हणाली उपास आहे. दुपारपर्यंत ती दगडासारखी बसली. मग मात्र तिची चुळबूळ सुरू झाली. पदर नीट करायची, दाराकडे पाहायची, घड्याळाकडे पाहायची. शेवटी तिने मलाच विचारलं.

"साहेब, ते घड्याळ बराबर हाय का?"

"बिलकुल बराबर," मी म्हणालो. घड्याळ अर्थातच पुढं होतं.

तिच्या तोंडचं पाणी पळालं. "मंग मला जाऊ द्या ना. माझ्याच्यानं उशीर व्हायला नको."

"कशाला उशीर?"

तिने मांडीवरची पिशवी उचलून छातीशी धरली. जबाब देताना न घाबरलेली बाई घड्याळाला घाबरली होती.

शेजारच्या खोलीत पाळकबाबा बसून होते. ते आदल्या दिवसापासून घरी गेलेच नव्हते म्हटलं तरी चालेल. मी त्यांना विचारलं, "तुमच्यात अशी काही रीत आहे का, जिथं वेळेवर पोचावंच लागतं, आणि जिथं दुसरा कुणी तुमची वाट पाहत असतो?"

त्यांनी कपाळावर हात मारला. "साखळी प्रार्थना! कुणी लई आजारी असलं की करतात. एकेका घराला एकेक तास. आपला तास संपला तरी पुढचं माणूस आल्याबिगर उठायचं न्हाई. साखळी तुटू द्यायची न्हाई. अन् साहेब, आजाऱ्यासाठी असली तर लोक त्याच्या उशाशी जाऊन बसतात."

मला हे चटकन समजलं, कारण आमच्या लॉकअपच्या पहाऱ्याचं तेच आहे. बदली शिपाई आल्याशिवाय आधीचा जागा सोडत नाही. सोडली तर निलंबन. या बाईला निलंबनाहून मोठी भीती होती. तिच्यामुळे साखळी तुटली आणि पोरीला काही झालं तर, हे तिच्या मनात होतं. म्हणजे तिला वाटत होतं की ती पोरीला वाचवायलाच चालली आहे.

मी तिचा जबाब गुंडाळला आणि तिला जाऊ दिलं. हवालदार बाई साध्या साडीत तिच्या मागे निघाल्या. स्टँडवर मावशी काळीपिवळीत बसली, ह्याही बसल्या. एका फाट्यावर मावशी उतरली आणि कापसाच्या वावरातून झपाझप चालू लागली. थोड्या वेळाने त्याच पायवाटेने दुसरी बाई पिशवी घेऊन परत येताना दिसली. हवालदार बाईंनी फोन केला, "सर, पहारा बदलला."

शेत गँगमनच्या मेहुण्याचं होतं. शेतातलं घर, ज्याला आमच्याकडे आखाडा म्हणतात. मी जीप काढली. रुग्णवाहिकेला फोन केला, पण ती दुसऱ्या गावी गेलेली होती. पाळकबाबांना सोबत घेतलं, आणि वाटेत ब्रदरलाही. पाळकबाबा म्हणाले होते, बाप फक्त ब्रदरचं ऐकेल. ब्रदर आढेवेढे घेत होते, पण बसले.

आखाड्याच्या दारात गँगमन उभा होता. रुळांवर काम करून तयार झालेला दणकट माणूस, उपासाने डोळे खोल गेलेले. आत खाटेवर पोरगी होती. आईने तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं. दाराबाहेरूनही तिचा श्वास ऐकू येत होता, खोल आणि जोरात. सडक्या फळासारखा वास येत होता. मावशी खाटेच्या पायथ्याशी डोळे मिटून पुटपुटत होती. आम्ही आल्याचं कळूनही तिने डोळे उघडले नाहीत.

"साहेब, आत यायचं न्हाई," गँगमन म्हणाला. "पोरीनं साक्ष दिलीय. आता सुई दिली तर तिचा विश्वास मोडंल. मंग देव काय करंल?"

माझ्याकडे चार माणसं होती. त्याला बाजूला ओढणं अवघड नव्हतं. पण त्याच्या हातात कोयता होता. धमकीचा नव्हे, तो हातातच राहिला होता. आणि आत जागा इतकी कमी की झटापट झाली असती तर ती खाटेवरच झाली असती. मी म्हणालो, "तुझे ब्रदर आलेत. त्यांना विचार."

त्याच्या चेहऱ्यावर एकदम सुटल्याचा भाव आला. तो मला आजही विसरता येत नाही. त्या माणसाला कुणीतरी 'ने' म्हणायला हवं होतं. दारातूनच जीपकडे पाहून तो ओरडला, "ब्रदर! तुम्ही सांगा. एकडाव सांगा फक्त. न्यायची का न्हाई न्यायची?"

ब्रदर जीपमधून उतरले नाहीत. काचेतून त्यांचा इस्त्रीचा शर्ट दिसत होता.  काच थोडी खाली करून ते म्हणाले, "भाऊ, जसा तुमचा विश्वास असेल तसं करा."

वाक्य गोड होतं. पण त्याचा अर्थ गँगमनच्या तोंडावर मला वाचता आला. नेली आणि ती वाचली, तर तुझा विश्वास कमी पडला. नाही नेली आणि गेली, तरी तुझाच विश्वास कमी पडला. दोन्हीकडून सगळं बापाच्या डोक्यावर. ब्रदर तेवढे कोरडे. मला त्या क्षणी त्यांना कॉलर धरून खाली ओढावंसं वाटलं. वर्दीत होतो म्हणून ओढलं नाही.

इतक्यात पाळकबाबा गुडघा धरत, ढेकळं तुडवत दारापाशी पोचले. त्यांना पोचायला वेळ लागला. त्यांनी प्रवचन केलं नाही. गँगमनचं मनगट धरून हात खाली घेतला, कोयता काढून भिंतीला टेकवला आणि म्हणाले, "पोरीला गाडीत घाल. हे पाप असंल तर माझ्या माथी. देवाला मी जबाब देईन. तू देऊ नको."

"अन् बाबा, वाटंतच गेली तर?"

"तर साऱ्या गावाला सांग, पाळकानं मारली."

गँगमन दारातून हलला. आम्हाला हात लावू न देता त्यानेच पोरीला उचललं. जीपमध्ये आई, बाप, पोरगी, पाळकबाबा एवढे बसल्यावर जागा उरली नाही. ब्रदरला उतरायला सांगितलं. मावशी मात्र मागच्या फळीवर चढून बसली, कारण तिचा तास संपला नव्हता. दवाखाना येईपर्यंत तिने डोळे उघडले नाहीत. मी तिला हसलो नाही. चालकाला मात्र सांगितलं, जल्दी घे.

तालुक्याला सलाइन आणि इन्शुलिन सुरू झालं, तिथून जालन्याला हलवलं. पोरगी बरेच दिवस दवाखान्यात होती. ती वाचली.

केसचं म्हणाल तर आम्ही ब्रदरविरुद्ध गुन्हा नोंदवला, दोषारोपपत्रही पाठवलं. न्यायालयात प्रत्येक साक्षीदाराने खरं तेच सांगितलं की ब्रदरने कुणालाही औषध बंद करायला सांगितलं नव्हतं. ते सुटले. आता दुसऱ्या कुठल्या जिल्ह्यात असतात, गळा अजून गोड आहे असं ऐकतो. आईबापांना बालकल्याण समितीने समज दिली. मावशी पुढं मला बाजारात भेटली तर पदर तोंडाला लावून म्हणाली, "साहेब, तुमचं घड्याळ खोटं व्हतं की वं!" मी म्हणालो, "होतं. आणि अजून आहे."

मी बौद्ध घरातला. आमच्या वडिलांचं म्हणणं असे की ऐकावं सगळ्यांचं, चालावं पटलं तरच. पण पटण्यातही गफलत होते हे मला या केसने शिकवलं. ब्रदरचं बोलणं कुणालाही पटलं असतं. पाळकबाबांचं प्रवचन मी एकदा नाताळच्या बंदोबस्तात ऐकलं आहे, आणि मी धरून तीन शिपाईही डुलक्या घेत होतो. पारख बोलण्यावर करायची नसते. आमच्या खात्यात दोन प्रकारचे वरिष्ठ असतात. दंगलीच्या वेळी वायरलेसवर एक म्हणतो, "योग्य ती कारवाई करा," आणि मग चौकशी लागली की शिपाई एकटा उभा राहतो. दुसरा म्हणतो, "मी सांगतो तसं करा, जबाबदारी माझी." पहिल्याची भाषा नेहमी शुद्ध असते. शिपायांना मात्र कुणाच्या मागे जायचं ते नोकरीच्या पहिल्या वर्षातच कळतं. देवाच्या नावानं पुढं चालणाऱ्यालाही तीच कसोटी लावावी असं माझं मत झालं आहे. आपण त्याच्या शब्दावर चाललो आणि खड्ड्यात पडलो, तर तो काठावर उभा राहणार की आपल्यासोबत खाली असणार, एवढं बघावं.

निवृत्तीनंतर एकदा परतूरला लग्नाला गेलो होतो, तर पाळकबाबांकडे डोकावलो. ते फार थकले होते. स्वयंपाकघरातून कुणीतरी मुलगी पाणी घेऊन आली. मी ओळखलं नाही. तिने फ्रीज उघडला, अंड्यांच्या कप्प्यातून बाटली काढली, खिडकीपाशी पाठमोरी उभी राहून सुई घेतली आणि मान खाली घालून क्षणभर प्रार्थना केली. मग घाईनं चप्पल घालून कामावर गेली. तिच्या घरी आता फ्रीज होता, पण ती इथंच यायची.

मी पाळकबाबांना इतके दिवस मनात असलेलं विचारलं. "त्या दिवशी दारात एवढं ठासून माझ्या माथी म्हणालात. पोरगी वाचेल अशी तुम्हाला खात्री होती ना?"

"न्हाई हो साहेब," ते म्हणाले. "मला तर वाटलं व्हतं, ती फाट्यापर्यंत बी न्हाई पोचायची. खात्री असती तर माथी घ्यायची काय गरज व्हती?"

एवढं बोलून त्यांनी मला चहा घ्यायला लावला.